सुव्लाकी दर वेळी पांढुरकी, कोरडी आणि पाणी सुटलेली का होते?

कोंबडीची सुव्लाकी, म्हणजे काडीवर ओवून भाजलेल्या तुकड्यांचा ग्रीक पदार्थ, घरी करून पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून मी एकच तक्रार ऐकली आहे. तुकडे रात्रभर मुरवले, काड्यांवर ओवले, ग्रिल पॅन तापवला, आणि पाच मिनिटांत पॅनमध्ये पाणीच पाणी. ते आटेपर्यंत कोंबडी शिजून जाते, पण रंग उकडलेल्या अंड्यासारखा. मग रंग यावा म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवायची. ताटात येतात ते वरून पांढुरके आणि आतून भरभरीत तुकडे. लिंबाचा सुवास कुठेच नसतो, आंबटपणा तेवढा उरतो.

माझ्याकडे हे दोन वर्षं होत होतं, तेही ग्रीसमध्ये राहून. नवऱ्याच्या जहाजावरच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा अथेन्सला लागून असलेल्या पिरेअस बंदरात राहत होतो. कोपऱ्यावर एक प्सिस्तारिया होतं, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजून देणारं दुकान. तिथली सुव्लाकी खायची, घरी येऊन तशीच करायला जायचं आणि दर वेळी हिरमुसायचं. कोंबडी त्याच बाजारातली, ऑलिव्ह तेल तेच, ओरेगानो तोच. शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दुकानातल्या बाईंना विचारलं, तुम्ही मुरवताना लिंबू किती घालता? त्या म्हणाल्या, मुरवताना कशाला? आणि काउंटरवरच्या सळईवर अर्धं लिंबू पिळून दाखवलं. गरम मांसावर रस पडला, चर्र झालं आणि जो वास मला दोन वर्षं घरी सापडत नव्हता तो तिथेच दरवळला.

नंतर लक्षात आलं, मी सुव्लाकी टिक्क्याच्या हाताने करत होते. कोंबडी म्हटली की आधी लिंबू-मीठ चोळायचं, दही-मसाला लावायचा आणि रात्रभर ठेवून द्यायचं, हे आपल्या हातात बसलेलं असतं. टिक्क्याला ते चालतं. त्याच्या अंगावर दह्याचा, मसाल्याचा, कधी बेसनाचा जाड लेप असतो, तो तंदूरच्या प्रचंड धगीत भाजला जातो आणि रंग त्या लेपाला येतो. सुव्लाकी उघड्या अंगाची असते. तेल, मीठ, थोडी वनस्पती, एवढंच. रंग थेट मांसालाच यायला हवा, आणि ओल्या मांसाला रंग येत नाही.

पाणी का सुटतं

कारण साधं आहे. तुकड्याच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसं वर जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. मांसाला खरपूस तपकिरी रंग साधारण १४० अंशांच्या आसपास झपाट्याने यायला लागतो. म्हणजे पृष्ठभाग कोरडा होईपर्यंत भाजणं सुरूच होत नाही, वाफवणं चालतं. तोवर आतलं मांस शिजून आवळत जातं आणि पिळलेल्या फडक्यासारखं आणखी पाणी बाहेर टाकतं. बाहेर पांढरं आणि आत कोरडं, ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच आहे.

हे जास्तीचं पाणी तीन वाटांनी येतं.

पहिली वाट लिंबाची. लिंबाचा रस लावून मासा ठेवला की तो चुलीवर न चढवताच पांढरट होतो, हे आपण पाहिलेलं असतं. कोंबडीच्या पृष्ठभागाचंही तेच होतं. आम्लाने प्रथिनं आवळतात आणि धरून ठेवलेलं पाणी सोडतात. तासाभराने भांड्यात बघा, तळाशी गढूळ पाणी जमलेलं असतं. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो, दाताखाली खडूसारखा लागतो. त्यात आपली आणखी एक फसगत होते. ग्रीक पाककृतीतलं लिंबू म्हणजे मोठं, पिवळं, जाड सालीचं. त्याचा रस तीनेक टेबलस्पून निघतो आणि आपल्या कागदी लिंबापेक्षा सौम्य असतो. त्यामुळे ‘दोन लिंबं’ वाचून आपल्या लिंबाचा रस तेवढाच मोजून घातला, तर आंबटपणा ठरवल्यापेक्षा जास्त होतो.

दुसरी वाट धुण्याची. आपल्याकडे कोंबडी धुतल्याशिवाय शिजवणं अनेकांच्या मनाला पटत नाही. धुण्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. जंतू मरतात ते नीट शिजवल्यावर. तरीही धुवायचीच असेल तर धारेखाली धरू नका, भांड्यात अलगद धुवा, सिंक आणि ओटा नंतर साबणाने पुसा, आणि तुकडे कागदी रुमालाने एकेक करून टिपून घ्या. चाळणीत निथळत ठेवणं पुरत नाही. गोठवलेली कोंबडी असेल तर ती फ्रिजमध्येच, भांड्यावर चाळणी ठेवून त्यात रात्रभर सुटू द्या. ओट्यावर किंवा गरम पाण्यात नको.

तिसरी वाट मिठाची, आणि ही सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मीठ लावल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ते मांसातलं पाणी बाहेर ओढतं. आणखी वेळ दिला की तेच खारं पाणी हळूहळू परत आत जातं, मांस आतपर्यंत चविष्ट होतं आणि शिजताना ओलावा अधिक धरून ठेवतं. म्हणजे सर्वांत वाईट वेळ अधली. मीठ लावून वीस मिनिटांनी भाजायला घेतलं तर तुकडा नेमका घामेजलेला असतो. एक तर भाजण्याच्या अगदी आधी मीठ लावा, नाही तर किमान एक तास आधी. मी सकाळी लावते आणि तुकडे ताटलीत पसरून, न झाकता, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. संध्याकाळपर्यंत ते हाताला किंचित चिकट आणि कोरडे लागतात. भाजायला हवे ते असे.

मग मुरवायचं कशात

८०० ग्रॅम कोंबडीला १० ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचा दीड चहाचा चमचा, वर अगदी चिमूट. भाजण्याआधी अर्धा-पाऊण तास ३ टेबलस्पून ऑलिव्ह तेल, २ चहाचे चमचे चुरडलेला सुका ओरेगानो, जाडसर कुटलेली मिरी, चेचलेल्या लसणाच्या ४ पाकळ्या आणि एका पिवळ्या लिंबाची किसलेली साल. सालीचा वरचा रंगीत थरच किसायचा, खालचा पांढरा कडू असतो. लिंबाचा खरा सुगंध सालीतल्या तेलात असतो आणि त्यात आम्ल नसतं, म्हणून हा सुवास आधीपासून घालता येतो. पिवळं लिंबू नसेल तर कागदी लिंबाची साल अगदी कमी, अर्ध्या लिंबाचीच घ्या, ती लवकर कडवट होते.

लसूण ठेचून तुकड्यांवर तसाच राहिला तर करपतो आणि सगळ्या सळईला कडू करतो. काळे कडवट ठिपके येण्याची तक्रार असेल तर बाकी काही शोधू नका. पाकळ्या नुसत्या चेचून तेलात मुरू द्या आणि ओवण्याआधी वेचून काढा. लसणाचा वास तेलात उतरलेला असतो.

लिंबाचा रस कुठे गेला? तो शेवटी येतो. ३ टेबलस्पून ऑलिव्ह तेल, दीड टेबलस्पून लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि ओरेगानो एका बाटलीत घालून जोरात हलवा. ग्रीक लोक याला लादोलेमोनो म्हणतात, तेल-लिंबू. सळया उतरवल्या उतरवल्या, मांस तडतडत असतानाच, हे वरून ओता. गरम मांसावर ओरेगानोचा वास जसा फुलतो तसा तो निखाऱ्यावर जळून कधीच येत नाही.

ओरेगानोबद्दल थोडं. ग्रीसमध्ये त्याला रिगानी म्हणतात, आणि तो सुक्या फांद्यांच्या जुडीने विकतात. तळहातावर चुरडला की नाकात ओव्यासारखी झणक येते. ते खरंही आहे, दोघांच्या वासाची मुख्य द्रव्यं एकमेकांची सख्खी भावंडं आहेत. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या वापरू नका. त्यांतल्या बऱ्याच पुड्यांत मीठ, मिरची आणि लसणाची पूड मिसळलेली असते, आणि ‘मोजून मीठ घातलं तरी खारट झाली’ ही तक्रार तिथून येते. शुद्ध सुका ओरेगानो जुना असेल तर चुरडल्यावर गवतासारखा वास येतो. तसा असला तर चिमूटभर ओवा भरडून त्यात मिसळा. याहून जास्त नको, नाही तर सुव्लाकीची भजी होते.

तुकडा कुठला

आपल्याकडे दुकानात ‘बोनलेस द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा छातीचं मांस मिळतं. ‘लेग बोनलेस’ असं स्पष्ट सांगा. मांडीत चरबी असते, तंतूंना बांधणारी ऊती जास्त असते, आणि ती शिजताना विरघळून मांस मऊ ठेवते. कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत जायलाच हवी. छाती तिथे पोचली की लगेच उतरवावी लागते, दोन मिनिटं इकडची तिकडे झाली की संपली. मांडी ८० अंशांवरही रसरशीत राहते. निखाऱ्यासमोर सगळ्या सळया एकाच क्षणी तयार होत नाहीत, म्हणून ही सवलत मोलाची आहे. छातीच करायची असेल तर तुकडे थोडे मोठे ठेवा आणि टोकदार थर्मामीटर घ्या. त्याची किंमत दोन-तीन फसलेल्या खेपांच्या कोंबडीएवढीही नसते.

तुकडे तीन सेंटिमीटरचे, आणि शक्यतो एकाच जाडीचे. मांडीचा एखादा भाग पातळ असतो, तो दुमडून ओवा. एका काडीवर चार-पाच, एकमेकांना टेकलेले पण दाबून बसवलेले नकोत. घट्ट दाबले की सांध्यातलं मांस कच्चं राहतं.

मध्ये कांदा आणि ढोबळी मिरची ओवायचा मोह होतो, फोटोत छान दिसतं. पिरेअसच्या दुकानांत मला सळईवर बहुधा नुसतं मांसच दिसायचं, आणि त्याला कारण आहे. मिरची पाणी सोडते, तिला लागणारा वेळ वेगळा, आणि तिच्या जाडीमुळे शेजारचे तुकडे तव्यापासून उचलले जातात. भाज्या वेगळ्या काडीवर भाजा.

तव्यावर रंग का येत नाही

इथे माझा सर्वांत जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर सांगते.

सुव्लाकी मुळात अधांतरी भाजायची वस्तू आहे. सान्तोरिनी बेटावरच्या अक्रोतिरी इथे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेल्या वस्तीत, साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे मातीचे सळई-आधार सापडले आहेत. दोन समांतर आधार, वरच्या कडेला सळया टेकवायला खाचा, आणि तळाशी निखाऱ्यांना वारा मिळावा म्हणून ओळीने भोकं. शेगडीचंच तत्त्व. सळई खाचेत बसते, मांस कशालाही टेकत नाही आणि सळई फिरवली की लाल निखाऱ्याची धग त्याला चारी बाजूंनी लागते.

तव्याला ही धग नसते. तव्याची उष्णता स्पर्शातून जाते. आणि आपण बाजारातल्या लांब काड्या कडा असलेल्या ग्रिल पॅनवर ठेवतो, त्या दोन्ही कडांवर टेकतात आणि मांस पॅनपासून अर्धा सेंटिमीटर वर तरंगत राहतं. निखाऱ्यावर जी गोष्ट गुणाची, ती तव्यावर दोषाची ठरते. एकदा डोळे पॅनच्या पातळीला नेऊन आडवं बघा. माझ्या पाच तुकड्यांपैकी मधला एकच टेकलेला होता, त्यालाच पट्टे उमटले होते आणि बाकी चार वाफेवर शिजत होते.

उपाय कात्रीचा. भिजवण्याआधी काड्या पॅनच्या आतल्या व्यासापेक्षा दोन बोटं आखूड कापा. किंवा बिडाचा सपाट, बिनकडांचा डोशाचा तवा घ्या, काडीचं टोक बाहेर येऊ द्या. मला हा तवा ग्रिल पॅनपेक्षा आवडतो, कारण उंचवट्यांवरच नाही, सगळ्या पृष्ठभागावर रंग येतो. मोठ्या बर्नरवर पाच-सहा मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो गोळी होऊन पळायला हवा. नॉनस्टिक इतका रिकामा तापवू नये, म्हणून तो इथे नकोच. तेल तव्यावर न घालता मांसावर असू द्या, आणि जास्तीचं निथळून टाका.

एका खेपेला चारच सळया, मध्ये बोटभर अंतर. गर्दी केली की वाफ अडकते आणि तवा गार पडतो, म्हणजे फिरून तेच पाणी. ठेवल्यावर अडीच-तीन मिनिटं हात लावू नका. चिकटते म्हणून आपण घाईने खरवडतो, पण खरपूस थर धरला की तुकडा आपणहून सुटतो. सुटत नसेल तर अजून वेळ आहे. चारी बाजू मिळून दहा-बारा मिनिटं. स्वयंपाकघराची खिडकी आधीच उघडा, धूर होणार आणि व्हायलाच हवा.

ओटीजी असेल तर वरचा रॉड चालू करून २५० अंशांवर पूर्ण तापवा आणि लांब काड्या केकच्या आयताकृती टिनाच्या कडांवर आडव्या टाका, रॉडपासून पाच-सहा सेंटिमीटरवर. इथे तरंगणं उपयोगाचं, कारण धग वरून येते.

निखाऱ्यावर करत असाल तर

बंद घरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत लाकडी कोळसा कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंगण, गच्ची, शेत, अशी मोकळी जागा हवी.

ज्वाळा असताना मांस ठेवलं तर वरून काळं आणि आत कच्चं, ही इथली नेहमीची तक्रार. निखाऱ्यांवर राखाडी थर धरेपर्यंत थांबा. सळईच्या उंचीवर तळहात धरला आणि दोन-तीन अंकांपेक्षा जास्त मोजवलं नाही तर धग बरोबर. कोळसा एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे विरळ पसरा, म्हणजे तेल ठिबकून भडका उडाला तर सळई सरकवायला जागा राहते.

ग्रीसमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासांआधी एका गुरुवारी लोक रस्त्यावर शेगड्या मांडतात. त्या दिवसाचं नावच त्सिक्नोपेम्प्ती. त्सिक्ना म्हणजे चरबी निखाऱ्यावर पडून उठणारा तो भाजका धूर, आणि पेम्प्ती म्हणजे गुरुवार. पिरेअसला त्या संध्याकाळी कपडे वाळत टाकायची सोय नसायची, सगळी गल्ली धुरकटलेली. हा धूरच सुव्लाकीची अर्धी चव आहे, आणि म्हणून निखाऱ्यावरही बिनचरबीची छाती फिकी लागते. मांडीच्या तुकड्यांना लागलेली थोडी चरबी खाटकाकडून काढून घेऊ नका.

काडी जळते, तुकडे गरगर फिरतात

बांबूची काडी अर्धा तास पाण्यात भिजवली तरी उघडं टोक जळतंच, फक्त उशिरा. टोकांना फॉइल गुंडाळा. तुकडे फिरत असतील तर दोन काड्या समांतर घालून ओवा, किंवा चपटी लोखंडी सळई वापरा. गोल सळईवर तुकडा लट्टूसारखा फिरतो आणि जड बाजू पुन्हा पुन्हा खालीच येते.

त्झात्झिकी पातळ होते

त्झात्झिकी म्हणजे सुव्लाकीबरोबरची दही-काकडीची ग्रीक चटणी. ती पातळ होण्याचं उत्तर आपल्या घरात आधीपासून आहे. श्रीखंडाला बांधतो तसा चक्का बांधा, मात्र दही ताजं, आंबट नको. काकडी किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मलमलच्या फडक्यात घालून पूर्ण ताकदीने पिळा. दोन काकड्यांचं वाटीभर पाणी निघालं नाही तर अजून पिळायला हवं. मग चक्का, एक लसूण पाकळी वाटून, ऑलिव्ह तेल, चमचाभर व्हिनेगर आणि बारीक चिरलेला शेपू. हो, आपला भाजीचाच शेपू, पण आपल्याकडचा उग्र असतो, म्हणून कोवळी पानंच आणि कमी. साखर, जिरं, कोथिंबीर घातली तर ती चांगली कोशिंबीर होईल, त्झात्झिकी होणार नाही.

एवढं सगळं करूनही पाहुणे यायच्या दिवशी एकच सळई आधी भाजून बघा, बाकीच्या फ्रिजमध्ये राहू द्या. तिसऱ्या मिनिटाला उलटा. खाली ओलं आणि पांढरं दिसलं तर उरलेल्या सळया काढून पुन्हा कागदाने टिपा आणि तवा आणखी तापू द्या. रंग आला पण चिकटली तर घाई झाली. रंग पटकन काळा झाला आणि कापल्यावर मध्ये गुलाबी निघाली तर आच एक पायरी उतरवा. शिजलेल्या तुकड्यावर लगेच लादोलेमोनो घाला, दोन मिनिटं थांबून खा, आणि मीठ तेव्हाच ठरवा, कारण लिंबू पडल्यावर खारटपणा वेगळा लागतो.